चाहत्याचा पत्ता आणि विणकराचे कार्ड : एका लघुरूपाची समीक्षा

बीजसंज्ञा : संग्राह्य पत्ता, चाहता, रॉक संगीत, गंजिफा, जकार्ड, नाममुद्रा

प्रस्तावना

आवडत्या रॉक वाद्यवृंदाच्या सन्मानार्थ चाहत्याने स्वतःच्या हाताने संग्राह्य पत्ते तयार करणे, ही गोष्ट वरवर पाहता छंदाच्या सदरात मोडणारी आहे. जाड कागद, चार रंग, एक छायाचित्र किंवा रेखाचित्र आणि मागील बाजूस चार ओळींचा मजकूर एवढेच तिचे भांडवल. त्यामुळे वाङ्मय व कलासमीक्षेने या रूपाकडे लक्ष दिलेले दिसत नाही. मात्र छंद म्हटले म्हणजे विचार संपला असे होत नाही. कोणाचा पत्ता करावयाचा, कोणाचा वगळावयाचा, मागे काय लिहावयाचे आणि क्रम कोणता लावावयाचा, हे चारही निर्णय मूलतः समीक्षकाचे निर्णय आहेत. प्रस्तुत लेखात या लघुरूपाचा समीक्षा म्हणून विचार केला आहे.

या विचारासाठी सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी हे स्थान निवडण्यास कारण आहे. चादरी व टॉवेल विणणाऱ्या या औद्योगिक वसाहतीत ‘कार्ड’ हा शब्द फार पूर्वीपासून वेगळ्याच अर्थाने रुळलेला आहे. तेथे कार्ड म्हणजे जकार्ड मागावरील छिद्रे पाडलेली जाड पट्टी. चाहत्याचे कार्ड चित्र वाहून नेते; विणकराचे कार्ड चित्र घडवते. एकावर नाव हेच सर्वस्व असते, दुसऱ्यावर नावाला जागाच नसते. ही दोन कार्डे शेजारी ठेवून पाहिल्यास गौरव कोणाचा होतो आणि का, हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. मराठीतील ‘पत्ता’ हा शब्दही येथे साहाय्यभूत ठरतो. पत्ता म्हणजे खेळातील पान आणि पत्ता म्हणजे ठावठिकाणा. चाहत्याचा पत्ता या दोन्ही अर्थांनी पत्ता असतो.

१. बाजाराने घडवलेले रूप

संग्राह्य पत्त्याचा जन्म कलेतून झाला नाही, वेष्टनातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचे मऊ पाकीट दुमडू नये म्हणून त्यात जाड कागदाचा तुकडा घालीत. त्यावर खेळाडू, नट्या, पक्षी, सेनानी यांची चित्रे छापण्यास आरंभ झाला आणि गिऱ्हाईक संच पूर्ण करण्यासाठी तीच सिगारेट पुन्हा घेऊ लागले. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या संचातील बेसबॉलपटू होनस वॅग्नर याच्या पत्त्याची छपाई लवकर थांबली, त्यामुळे तो दुर्मीळ झाला. त्याची एक प्रत २०२२ मध्ये सुमारे ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. कागदाच्या या तुकड्याचे मोल चित्राच्या गुणवत्तेने ठरलेले नाही, टंचाईने ठरले आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

संगीताच्या क्षेत्रात हेच तंत्र पुढे आले. १९६४ मध्ये टॉप्स या कंपनीने बीटल्सचे पत्ते च्युइंगमसोबत विकले. १९७८ मध्ये डॉनरस कंपनीने ‘किस’ या वाद्यवृंदाचे संच काढले. १९९१ च्या सुमारास रॉक व रॅप कलावंतांच्या पत्त्यांची अमेरिकेत लाट आली. अलीकडे दक्षिण कोरियाच्या पॉप संगीतात ध्वनिमुद्रिकेच्या पाकिटात गायकाचे एक छायाचित्रपत्र यादृच्छिक रीतीने घातले जाते आणि हवा तो चेहरा मिळेपर्यंत चाहते तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा विकत घेतात. शंभर वर्षांत सिगारेट गेली, च्युइंगम गेले, तंत्र तेच राहिले. संच अपुरा ठेवणे हा या व्यवसायाचा पाया आहे.

स्वहस्ते केलेला पत्ता नेमका हा पाया नाकारतो. चाहता संच अपुरा ठेवीत नाही. तो पूर्ण संच करूनच थांबतो. ६४ बाय ८९ मिलिमीटर हे रूढ माप धरल्यास ए-फोर आकाराच्या एका कागदावर नऊ पत्ते बसतात. म्हणजे चार-पाच जणांच्या वाद्यवृंदाचा मूळ संच एका पानावर मावतो. येथे दुर्मीळता तयार करणे अशक्य नाही, पण निरर्थक आहे. झुरिक येथील कलावंत व्हेंची स्टिर्नेमान यांनी १९९७ मध्ये याच मापाच्या हस्तनिर्मित ‘कलापत्त्यां’चे प्रदर्शन भरवून देवाणघेवाणीची चळवळ सुरू केली. पत्ता विकावयाचा नाही, समोरच्याशी बदलून घ्यावयाचा, हे तिचे मूलसूत्र होते. बाजाराने घडवलेल्या रूपातून बाजारच वगळण्याचा हा प्रयत्न होता. चाहत्याचा पत्ता याच वाटेवरचा आहे.

२. देशी साम्यस्थळे

मराठी मुलखाला हाताने रंगवलेल्या पत्त्यांची परंपरा नवी नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा हे तिचे ठळक उदाहरण होय. गोल आकाराची १२० पाने, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अंकांची पाने अशी तिची रचना आहे. गेल्या शतकात ही कला लुप्त होण्याच्या मार्गावर असताना सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा आधार दिला. या संचात समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, राजाच्या पानावर अवतार पूर्ण रूपात दिसतो. अंकांच्या पानांवर मात्र केवळ त्याचे चिन्ह असते. मत्स्याचा रंग माशावरून आणि परशुरामाचा परशूवरून ओळखावयाचा. संपूर्ण चरित्र एका चिन्हात सामावण्याची ही क्षमता कोणत्याही पत्त्याची खरी कसोटी आहे.

दुसरे साम्यस्थळ अक्कलकोट रस्त्यावरच आढळते. औद्योगिक वसाहतीवरून जाणारा हा रस्ता स्वामी समर्थांच्या अक्कलकोटचा आहे. या वाटेने येणाजाणाऱ्या भाविकांच्या खिशात प्लॅस्टिकचे आवरण घातलेले लहानसे चित्र असते. पुढे स्वामींची मूर्ती, मागे मंत्र किंवा दिनदर्शिका. पुढची बाजू दर्शनाची, मागची बाजू पठणाची, अशी स्पष्ट विभागणी तेथे दिसते. तिसरे साम्य कापडाच्या व्यापारातले आहे. मँचेस्टरहून येणाऱ्या आणि पुढे देशी गिरण्यांतून निघणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत चित्रांच्या छापपट्ट्या चिकटवीत असत. देवदेवता, राजे, हत्ती, रेल्वे यांची ती चित्रे कापड संपल्यावरही घरात जपली जात.

या साम्यांवरून रॉक वाद्यवृंदाचा पत्ता गंजिफेतून किंवा देवाच्या चित्रातून उगम पावला, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. आपल्याकडे परकीय रूपाला देशी पूर्वज शोधून देण्याची घाई पुष्कळदा होते. येथे संबंध वंशाचा नसून वृत्तीचा आहे. आवडत्या व्यक्तीला तळहातावर मावेल अशा मापात आणणे, जवळ बाळगणे आणि दुसऱ्याला दाखवणे ही वृत्ती दोन्हीकडे समान आहे. फरक असा की भाविक चित्र घेतो. चाहता ते स्वतः घडवतो. घडवताना त्याला निवड करावी लागते आणि निवडीबरोबर जबाबदारी येते.

३. पुढची बाजू आणि मागची बाजू

जॉन फिस्क यांनी १९९२ मध्ये चाहत्यांच्या निर्मितीचे तीन स्तर सांगितले. मनात अर्थ लावणे हा पहिला, बोलण्यातून व पेहरावातून तो प्रकट करणे हा दुसरा, आणि स्वतंत्र संहिता निर्माण करणे हा तिसरा. हस्तनिर्मित पत्ता हा तिसऱ्या स्तरावरचा आविष्कार आहे. त्याला संहितेचेच निकष लावले पाहिजेत. ‘भावना प्रामाणिक आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे म्हणजे त्याला गंभीरपणे न घेणे होय.

हे निकष तपासण्यासाठी मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाचे उदाहरण उपयुक्त आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या वाद्यवृंदाचे ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे स्वरचित इंग्रजी गाण्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले. परक्यांची गाणी हुबेहूब वाजवणे हीच रॉक वादकाची पात्रता समजली जाण्याच्या त्या काळात ही घटना लहान नव्हती. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, १९९५ मध्ये त्या नावाचा संग्रह काढला, १९९७ मध्ये ते विखुरले, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह आला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर ही या प्रवासातील परिचित नावे.

या वाद्यवृंदाचा संच एखाद्या चाहत्याने करावयास घेतला, तर पहिल्याच पत्त्यापाशी त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : संचाचे नाव काय? ‘रॉक मशीन’ म्हटल्यास पुढचा काळ बाहेर राहतो. ‘इंडस क्रीड’ म्हटल्यास पहिली नऊ वर्षे पूर्वपीठिका होऊन बसतात. कोणतेही नाव घेतले तरी तो एक इतिहासविषयक निर्णय असतो. समंजस चाहता नामांतराचाच एक स्वतंत्र पत्ता करील. यंत्राचे नाव सोडून सिंधूचे नाव घेणे, यात भारतीय वादकाने स्वतःकडे पाहण्याची दृष्टी कशी पालटली हे सुचवण्यास चार ओळी पुरेशा आहेत. असा पत्ता केवळ गौरवाचा राहत नाही, तो भाष्याचा होतो.

दुसरा प्रश्न सदस्यांचा. वाद्यवृंदात माणसे येतात, जातात. ऑगस्ट १९६२ मध्ये पीट बेस्ट या तालवादकाच्या जागी रिंगो स्टार आला आणि जगाच्या स्मरणातील ‘चौघां’त बेस्टला जागा उरली नाही. कंपनीने काढलेला संच विक्रीयोग्य चेहऱ्यांपाशी थांबतो. चाहत्यावर ते बंधन नसते. सोडून गेलेल्या वादकाचा पत्ता करावयाचा की नाही, यावरून त्याच्या निष्ठेचा दर्जा कळतो. तिसरा प्रश्न स्थळाचा. मुंबईतील धोबीतलाव येथील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे मेळावे भरत. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील असे कार्यक्रम थांबले. रंगभवनाचा पत्ता केला तर मागच्या बाजूस वादकांऐवजी एका शहराने आवाजाशी केलेला व्यवहार लिहावा लागेल. चौथा प्रश्न पडद्यामागच्या माणसांचा. ध्वनिनियोजक, वाद्ये वाहणारे, मुखपृष्ठकार यांना संचात स्थान आहे काय? बहुतेक संचांत ते नसते.

प्रत्यक्षात चाहत्यांचे पुष्कळसे पत्ते या प्रश्नांपर्यंत पोहोचत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. त्यांचे तीन दोष वारंवार दिसतात. पहिला, पुढच्या बाजूचा हव्यास : चकाकी, ज्वाला, धूर आणि गर्जना करणारा चेहरा यांत कंपनीच्या भित्तिपत्रकाचेच अनुकरण असते. दुसरा, विशेषणांची गर्दी : ‘महान’, ‘अद्वितीय’, ‘सम्राट’ या शब्दांनी मागची बाजू भरते आणि वादक कसा वाजवतो हे कळतच नाही. तिसरा, गुणांकनाचा मोह : शक्ती ९५, वेग ९० अशा आकड्यांनी संगीताची मोजदाद होते. कुस्तीपटूंच्या पत्त्यांवर वजन-उंचीचे आकडे शोभतात. गिटारवादकाच्या पत्त्यावर तसला आकडा काहीच सांगत नाही. ‘या गाण्यात तो दुसऱ्या कडव्यानंतर चार मात्रा थांबतो’ अशा स्वरूपाचे एक नेमके निरीक्षण या सर्व आकड्यांहून मोलाचे असते. पत्त्याची मागची बाजू हे जगातील सर्वांत लहान परीक्षण आहे. चाळीस शब्दांत निरीक्षण मांडता येत नसेल, तर ते चारशे शब्दांतही मांडता येईलच असे नाही.

भारतीय साहित्यशास्त्राने ‘सहृदय’ ही संकल्पना मांडली. सहृदय हा कलावंताच्या बरोबरीने अनुभव पुन्हा उभा करतो. चाहत्याला आपण सहृदयाच्या खालच्या पायरीवर बसवतो, कारण त्याच्या आस्वादात तटस्थता नाही असे मानले जाते. परंतु तटस्थता हा आस्वादाचा एकमेव निकष नव्हे. ज्याने एकच ध्वनिफीत शेकडो वेळा ऐकली, त्याला तिच्यातील उणीवही इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. प्रश्न ती लिहिण्याच्या धैर्याचा आहे.

४. अक्कलकोट रोडचे कार्ड

आता दुसऱ्या कार्डाकडे वळता येईल. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लिआँ येथे जोझेफ मारी जकार्ड याने मागावरील नक्षीचे नियंत्रण छिद्रित कार्डांकडे सोपवले. त्याचे तत्त्व सोपे आहे. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक फेक. जेथे छिद्र असते तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला आकडा वर उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. जेथे छिद्र नसते तेथे धागा खालीच राहतो. अशी शेकडो-हजारो कार्डे दोऱ्याने ओवून साखळी केली की मोर, कमळ, मंदिर, अक्षरे असे काहीही विणता येते. सोलापुरी चादरीची नक्षी याच तत्त्वावर उभी आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराला मागाचे शहर केले. गिरण्या मागे पडल्या, यंत्रमाग राहिले, आणि सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आता अनेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्याने पट्टीची जागा संगणकातील फाइलने घेतली आहे. छिद्र असणे-नसणे हा तर्क मात्र तोच आहे.

या कार्डाच्या इतिहासात एक विलक्षण प्रसंग आहे. १८३९ मध्ये लिआँ येथे खुद्द जकार्डचे व्यक्तिचित्र रेशमात विणले गेले आणि त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली. ते इतके सूक्ष्म होते की ते कोरीव ठशाचे मुद्रण वाटे. चार्ल्स बॅबेज यांनी त्याची एक प्रत मिळवून जपली होती. संशोधकाच्या गौरवासाठी त्याच्याच यंत्रावर विणलेले हे चित्र म्हणजे चाहत्याच्या पत्त्याचा एक भव्य पूर्वावतार म्हणता येईल. पण २४,००० कार्डांना छिद्रे पाडणारे हात कोणाचे होते, हे त्या चित्रावरून कळत नाही. चित्रकाराचे नाव आहे, कारखान्याचे आहे, संशोधकाचा तर चेहराच आहे. छिद्रे पाडणारा नाही.

अक्कलकोट रोडवरील चादरीची स्थिती याहून वेगळी नाही. चादरीवर उत्पादकाचे चिन्ह असते, क्वचित पूर्ण ठावठिकाणाही असतो. ग्राफवर नक्षी भरणारा, कार्ड कापणारा, साखळी ओवणारा, माग चालवणारा यांपैकी कोणाचाही ‘पत्ता’ तिच्यावर नसतो. दुहेरी विणीच्या चादरीची मागची बाजूही चित्राचीच असते. तीच नक्षी, रंगांची अदलाबदल. चादरीला मागची बाजू आहे, पण ती बोलत नाही.

मराठी परंपरेत या मौनाला उत्तर आहे. संतांनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवली. सोलापूरच्या राम जोशींसारख्या शाहिरांनीही कवनात आपली ओळख गुंफली. जनाबाईने दासी म्हणून राबताना रचलेल्या अभंगांत स्वतःचे नाव गुंफले, म्हणूनच सातशे वर्षांनंतर ती नावानिशी आपल्यापुढे उभी आहे. नाममुद्रा हा अहंकार नव्हे. ही रचना कोणत्या जगण्यातून आली याचा तो पुरावा आहे. चाहत्याच्या पत्त्याची मागची बाजू दुसऱ्याच्या वतीने लिहिलेली नाममुद्रा असते. विणकराच्या वतीने ती कोणी लिहिलेली नाही.

१८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यास लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. मृतांत कारखान्याच्या मालकाच्या कुटुंबातील माणसे होती, कामगारांच्या घरची होती. अशा घटनेनंतर वसाहतीचे नाव काही दिवस सर्वत्र घेतले जाते आणि मग लोकांच्या लक्षात केवळ आकडा उरतो. दूरच्या वादकाची जन्मतारीख पाठ असणाऱ्या समाजाला शेजारच्या विणणाऱ्या माणसाचे नाव ठाऊक नसते, हे विधान चाहत्याला दोष देण्यासाठी नाही. चाहत्याने जे तंत्र कमावले आहे त्याची खरी गरज कोठे आहे, हे दाखवण्यासाठी आहे.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप स्वामित्वाचा. वाद्यवृंदाचे छायाचित्र, बोधचिन्ह व मुखपृष्ठ यांवर इतरांचे हक्क असतात. भारतीय स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ खासगी उपयोग आणि समीक्षा यांसाठी न्याय्य वापरास वाव देते. विक्री सुरू होताच प्रश्न बदलतो. म्हणून स्वतः रेखाटलेले चित्र हे कायद्याच्या आणि कलेच्या दोन्ही दृष्टींनी अधिक सुरक्षित ठरते. दुसरा आक्षेप यांत्रिकतेचा. संगणक आता क्षणार्धात चित्र काढून देतो. मग हस्तनिर्मितीचे मूल्य काय? पुढच्या बाजूपुरता हा आक्षेप खरा आहे. मागच्या बाजूवरील निवड मात्र यंत्रावर सोपवली की पत्ता चाहत्याचा राहत नाही. तिसरा आक्षेप व्यक्तिपूजेचा. तो सर्वांत गंभीर आहे आणि त्याला विशेषणे कमी करून, निरीक्षणे वाढवून व सोडून गेलेल्यांना संचात परत आणूनच उत्तर देता येते.

निष्कर्ष

१. हस्तनिर्मित संग्राह्य पत्ता हे समीक्षेचे लघुरूप आहे. निवड, क्रम, नामकरण आणि नेमके निरीक्षण हे त्याचे घटक होत.

२. बाजारी पत्त्याचे मूल्य टंचाईवर, तर चाहत्याच्या पत्त्याचे मूल्य संपूर्णतेवर अवलंबून असते. म्हणून कोणाला वगळले, हा त्याच्या परीक्षणातील पहिला प्रश्न असावा.

३. गंजिफा, खिशातील देवचित्र व कापडावरील छापपट्टी यांच्याशी त्याचे नाते वृत्तीचे आहे. ते उगमाचे मानणे योग्य नव्हे.

४. जकार्डचे कार्ड आणि चाहत्याचे कार्ड यांच्या तुलनेतून श्रेयाच्या वाटपातील विषमता स्पष्ट होते. चित्र घडवणाऱ्याला नाव नाही, चित्रात दिसणाऱ्याला आहे.

५. महाविद्यालयीन अध्यापनात हे रूप लेखनाचा स्वाध्याय म्हणून स्वीकारण्याजोगे आहे. विद्यार्थ्याने एक पत्ता आपल्या आवडत्या वादकाचा करावा आणि त्याच मापाचा, तितक्याच काळजीने, दुसरा पत्ता आपल्या घरातील माग चालवणाऱ्या माणसाचा करावा. सोलापुरात असे घर शोधण्यास फार लांब जावे लागणार नाही. दोन्ही पत्त्यांच्या मागच्या बाजूस चाळीसच शब्द असतील. दुसऱ्याचे शब्द मिळवण्यासाठी मात्र त्याला प्रथम त्या माणसाशी बोलावे लागेल.